यंत्र आले, पण कोणाच्या हाती?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की वागळे इस्टेटच्या नाक्यानाक्यावर शाळांचे फलक लागतात. किसन नगर घ्या, श्रीनगर घ्या की सावरकर नगर घ्या, फलकावर दोन शब्द ठरलेले: 'डिजिटल क्लासरूम'. या दोन शब्दांपायी आपले कितीतरी समाजबांधव घराजवळची महापालिकेची शाळा सोडतात आणि पोटाला चिमटा काढून पोराला खाजगी शाळेत घालतात. परवा पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या एका भगिनीने आम्हांला सरळच विचारले, "भाऊ, पहिलीतल्या मुलीला कॉम्प्युटर खरंच लागतो का? की नुसता फी वाढवायचा धंदा?"

प्रश्न रास्त आहे. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. यंत्र वर्गात यावे, जरूर यावे. पण पैसे मोजण्यापूर्वी त्या यंत्राला मुलाचा हात लागतो की नाही, हे आईबापांनी पाहावे.

गरिबाच्या पोराला संगणक कशाला, असे म्हणणारे आपले हितचिंतक नव्हेत. वागळे इस्टेट ही एम.आय.डी.सी.ची पहिली वसाहत, १९६२ सालची. आपल्या वडीलधाऱ्यांनी इथे लेथवर, प्रेसवर आयुष्य काढले. आज त्यातल्या कित्येक शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. आत शेकडो संगणक चालतात. आपली माणसेही तिथे जातात, पण बहुतेक वॉचमनच्या नाहीतर साफसफाईच्या गणवेशात. पुढच्या पिढीने त्याच इमारतीत खुर्चीवर बसावे, ही आईबापांची इच्छा रास्तच आहे.

मग यंत्राने मूल शिकते का? बडोद्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे. सन २००० मध्ये गुजरात सरकारने तिथल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा लहान वर्गांतल्या मुलांना त्यातले फारच थोडे संगणक वापरायला मिळत होते. मग संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक, असे गणिताचे खेळ खेळायला बसवले. ज्याला जेवढे येते तिथून पुढचे गणित त्याला मिळे. सोबत वस्तीतलीच एखादी शिकलेली व्यक्ती उभी राहायची, मुलाला हुरूप द्यायची. मुलांचे गणित चांगलेच सुधारले. ही पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळाले. (बॅनर्जींच्या आई मराठी, हे जाता जाता.)

पण ही गोष्ट इथे संपत नाही. वर्षभराने पुन्हा तपासले तेव्हा तो फायदा बराचसा ओसरला होता. त्याच पाहणीत मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' ठेवल्या होत्या. म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधनावर. वर्गात मागे पडलेली पंधरावीस मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची, त्यांना अक्षरे, वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करून द्यायची. त्या मुलांनीही प्रगती केली, आणि दर मुलामागे संगणकाचा खर्च बालसखीच्या जवळजवळ सातपट होता. गुजरातमधल्याच दुसऱ्या एका पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षकाचा तास काढून संगणकाला दिला तेव्हा मुले उलट कमी शिकली. शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून दिला तेव्हा फायदा झाला. फलक वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचा पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी मुलांच्या हाती टॅबलेट दिले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यू.आर. कोड जोडले आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. दोन्ही शाळा सरकारी, दोन्ही शाळांत झटणारा शिक्षक. महागडी फी कुठेच नाही. याउलट बालचित्रवाणी आठवा. १९८४ साली पुण्यात सुरू झाली, २०१७ साली बंद पडली. कार्यक्रम मराठीत, मुलांसाठीच केलेले. आणि कित्येक शाळांतला दूरदर्शन संच कुठे होता? कुलूपबंद कपाटात, खराब होऊ नये म्हणून!

२०२० च्या टाळेबंदीने तर आपले डोळेच उघडले. घरात फोन एक, तो बापासोबत कामावर, आणि शाळा फोनवर. त्याच काळात हप्त्यावर टॅब विकणारे एजंट चाळीचाळींतून फिरले. शिकवणी थांबली तरी हप्ते थांबेनात, असे सांगणारी कुटुंबे आम्हांला भेटली. बंधूंनो, सही करण्यापूर्वी कागद कोणा जाणत्याला दाखवा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यू.आर. कोडवर फोन धरला तर धड्याचे साहित्य दीक्षा ॲपवर फुकट मिळते. ते आधी वापरून पाहा.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात सांगितले होते की शाळेत शिरणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात. आज मूल चौथीत पोहोचते, पण त्याला वाचता येते का हे कोणी विचारत नाही. पडद्यावरचे रंगीत चित्र पाहून मूल टाळ्या वाजवते, आईबाप खूश होतात, आणि जोडाक्षर आले की गाडी अडते. म्हणून शाळेत गेल्यावर फळा किती मोठा हे विचारू नका. आमचे मूल आठवड्यातून किती वेळा स्वतः यंत्राला हात लावते, ते विचारा. वीज गेली, यंत्र बिघडले तर काय करता, तेही विचारा. आणि घरी आल्यावर पुस्तकाचे एक पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही मूल कुठे अडखळते ते कळते.

महापालिकेच्या शाळेत हे विचारायचा हक्क कायद्याने दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. सभेला जा. संगणकखोलीची चावी कोणाकडे असते, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ उलगडा होईल.

आणि आपल्या विहाराचे काय? संध्याकाळी तो बहुधा रिकामाच असतो. दोन जुने संगणक, चार मुले, दोन तास आणि वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी, एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. तिच्या मानधनाला पैसा कुठून, असे मंडळवाले विचारतील. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढे जातात, त्यात तिचे किती महिने निघतील याचा हिशोब त्यांनीच मांडावा. ज्या वस्तीत अशी अभ्यासिका चालू असेल तिथल्या कार्यकर्त्यांनी आम्हांला पत्र टाकावे. किती मुले येतात, यंत्रे कोणी दिली, बिघडल्यावर दुरुस्त कोण करतो, हे सविस्तर लिहावे. पुढच्या अंकात ते छापू.