वैलावरची गोड भाजी

गेल्या वर्षीच्या दिवाळींत पुण्याहून आमच्या सूनबाईंनीं एक भलें मोठें खोकें पाठविलें. उघडून पाहतों तों आंत एक जाड चिनी मातीचें अंडाकृति पात्र, त्याला बाहेरून विजेचें वेष्टन, वर कांचेचें झांकण आणि पुढें एकच खुंटी. त्या खुंटीच्या तीन जागा : मंद, तीव्र आणि उबदार. सोबत चिठ्ठी होती : "बाबा, आईंना हल्लीं ओट्याशीं फार वेळ उभें राहवत नाहीं, असें कळलें. या भांड्यांत सकाळीं भाजी घालून झांकण ठेवावें. जेवणाच्या वेळेपर्यंत ती आपली आपण शिजते. हें भांडें तुमच्यासाठीं आहे, आईंसाठीं नव्हे."

शेवटल्या वाक्याचा रोख माझ्या ध्यानांत आला. मीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें; परंतु चहा करण्यापलीकडे पाकशास्त्राशीं माझा संबंध नव्हता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मी या शाळेंत नांव घातलें, त्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

या यंत्राला 'स्लो कुकर' म्हणतात. त्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं आयर्विंग नॅक्सन नांवाचे एक यहुदी संशोधक राहत असत. त्यांच्या घराण्याचें मूळ लिथुआनियांत. यहुदी लोक शब्बाथच्या दिवशीं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवीत नाहींत. म्हणून शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं तिकडील बायका 'चोलंट' नांवाचें कालवण मडक्यांत भरून गांवच्या पाववाल्याच्या भट्टींत नेऊन ठेवीत. भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि तिच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर तें कालवण शिजे. ही गोष्ट नॅक्सन यांनीं आपल्या आईच्या तोंडून ऐकली आणि तसें मंद शिजविणारें भांडें विजेवर चालवून दाखविलें. १९४० सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. १९७० सालीं त्यांनीं आपला धंदा रायव्हल नांवाच्या कंपनीस विकला, आणि १९७१ पासून तें भांडें 'क्रॉक-पॉट' या नांवानें अमेरिकेंत घरोघर गेलें.

हें वाचतांना मला आमचा वैल आठवला. गुहागर तालुक्यांतील आमच्या घरीं मातीची चूल होती आणि तिच्या अंगाला वैल. चुलीवर भात-आमटी होई. वैलाला स्वतःचा जाळ नसे. चुलीच्या जाळाची जी झळ आंतून येई तेवढीच त्याची मिळकत. त्यावर आई लाल भोपळ्याची आणि रताळ्यांची भाजी ठेवी. पातेल्यावर खोलगट झांकणी, झांकणींत पाणी, आणि भाजींत मात्र पाण्याचा थेंब नाहीं. पानें मांडीपर्यंत भाजी तेथेंच असे. तिला भोपळ्याची, रताळ्याची आणि गुळाची गोडी असे, आणि त्या गोडीच्या मागून धुराचा एक मंद वास येई. १९९२ सालीं आमच्या घरीं गॅस आला, आणि ती चव गेली ती गेलीच.

तेव्हां या नव्या भांड्यांत पहिला प्रयोग त्याच भाजीचा करावा असें मीं ठरविलें. पहिल्या दिवशीं फजीति झाली. चार तास शिजावयाचें तर पाणी हवें, अशा समजुतीनें मीं तांब्याभर पाणी ओतलें. झांकण बसलेलें, वाफ जाणार कोठें? भोपळ्याची लापशी झाली, आणि ती आम्ही उभयतां वाटीनें प्यालों. दुसऱ्या खेपेस पाणी वगळलें आणि भाजी सुरेख उतरली. तरीहि पानावर बसल्यावर मी म्हणालों, "सर्व कांहीं आहे, पण आईच्या हातची चव नाहीं. तो धूर नाहीं."

आमच्या सौभाग्यवतींनीं हातांतला घास खालीं ठेवला. म्हणाल्या, "तुम्हांला धूर पानांत मिळाला. सासूबाईंना तो कोठें मिळत होता, तें मीं पाहिलें आहे. लग्नानंतर सहा वर्षें मीहि तेथेंच बसत होतें."

मी निरुत्तर झालों. त्या जें बोलल्या तें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्या भाजीशीं त्याची सांगड मात्र मीं कधीं घातली नव्हती.

आई साठी ओलांडून गेल्यावर तिचा दम वाढूं लागला. माजघरांतून पडवीपर्यंत आली तरी खांबाला धरून उभी राही. चूल सुटून तोंवर दहा वर्षें झालीं होतीं. तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं छातीचें क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिलें आणि संकोचानें विचारलें, "आजी, विडी ओढतां का हो?" आई इतकी हंसली कीं तिला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर म्हणाली, "विडी नव्हे हो डॉक्टर. चूल." डॉक्टरांनीं नुसती मान हलविली. हें उत्तर त्यांस नवें नसावें. त्यानंतर तीन वर्षांनीं आई गेली.

निवडक विद्यार्थ्यांना मी सुटीच्या दिवसांत घरीं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवीत असें. त्यांत डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचें अनुमान करावयाचें असतें. आणि धूर व अग्नि एकत्र असलेले पूर्वीं कोठें पाहिले असें कोणी विचारलें, तर दृष्टांत द्यावयाचा महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. शेंकडों वेळां मीं तो दृष्टांत दिला असेल. शिकवीत असतांना पलीकडच्या खोलींत फुंकणीचा आवाज आणि खोकला ऐकूं येई. परंतु त्या महानसांत कोणी माणूस बसलेलें असतें, हें त्या अनुमानांत कोठें येत नाहीं, आणि माझ्याहि डोक्यांत आलें नाहीं. त्याच शास्त्रांत याची दुसरी बाजूहि सांगितली आहे. धूर असेल तेथें अग्नि असतोच. पण अग्नि असेल तेथें धूर असलाच पाहिजे असें नाहीं. उदाहरणार्थ, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. सूनबाईंनीं पाठविलेलें भांडें हें त्या गोळ्याच्या जातीचें.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका वर्षीं घरांतल्या चुली-शेगड्यांच्या दूषित हवेमुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं; त्यांत पांच वर्षांखालील मुलें २ लक्षांहून अधिक. आपल्या देशांत मे २०१६ मध्यें उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधि घरांत गॅस पोंचला. तरी सिलिंडर पुन्हां भरण्यास पैसा नसला कीं तीच चूल पुन्हां पेटते. तेव्हां "चुलीवरच्या जेवणाची गोडी कांहीं औरच" असें म्हणण्यापूर्वीं, ती चूल फुंकीत कोण बसलें होतें, एवढें आपण आठवावें.

मग त्या चवीचें काय करावें? ती कायमची सोडून द्यावी काय? याचें उत्तर सौभाग्यवतींनींच दिलें. ताकाला धुंगार देतात, तसा भाजीला द्यावा. गेल्या कित्येक महिन्यांच्या अनुभवानंतर ठरलेली कृति आतां सांगतों. हें प्रमाण चार माणसांस पुरतें.

लाल भोपळा ५०० ग्रॅम व रताळीं ३०० ग्रॅम घ्यावीं. भोपळ्याची साल काढूं नये; सालीमुळें फोड शिजूनहि मोडत नाहीं. त्याच्या फोडी चांगल्या दोन पेरें लांबीच्या असाव्या. रताळीं सोलून त्यांच्या फोडी याहून लहान कराव्या आणि त्या भांड्याच्या तळाशीं व कडेनें लावाव्या. कंदमुळें या भांड्यांत अपेक्षेपेक्षां उशिरा शिजतात, म्हणून ऊब अधिक तेथें त्यांची जागा. भोपळा वर ठेवावा. गॅसवर लहान कढल्यांत २ चमचे तेलाची फोडणी करावी : मोहरी अर्धा चमचा, मेथीचे दाणे ८ ते १०, हिंग, हळद आणि २ सुक्या मिरच्या. ती फोडींवर ओतून १ चमचा मीठ व दीड चमचा गोडा मसाला घालावा. पाणी घालूं नये. भोपळ्याला पुरेसें सुटतें. झांकण ठेवून खुंटी 'मंद' वर करावी आणि चार तास तिकडे पाहूं नये. मधून मधून झांकण उघडण्याचा मोह फार होतो. परंतु एकदां उघडलें कीं सांठलेली वाफ निघून जाते आणि पुन्हां तितकी ऊब यावयास बराच वेळ लागतो.

चार तासांनीं रताळ्याची फोड दाबून पाहावी. ती मऊ झाली असली तरच ४ आमसुलें घालावीं. आंबट आधीं पडलें तर रताळें अडून बसतें, शिजतां शिजत नाहीं. गूळहि याच वेळीं, आणि तोहि चव पाहून घालावा. याचें कारण सांगण्याजोगें आहे. रताळ्यांत मूळचेंच अमायलेझ नांवाचें एक द्रव्य असतें. तें रताळ्यांतील पिठाचें माल्टोज नांवाच्या साखरेंत रूपांतर करतें. हें कार्य सुमारें ६० ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेंत जोमानें चालतें. त्याहून बरीच अधिक उष्णता झाली कीं तें द्रव्य निकामी होतें. कुकरच्या शिटींत रताळें हा टप्पा थोड्या वेळांत ओलांडतें. मंद भांड्यांत तें तेथें दीर्घकाळ रेंगाळतें आणि अधिक गोड होतें. वैलावरहि हेंच घडत असावें. मला सुपारीएवढा गूळ पुरतो. आमच्या शेजाऱ्यांस तेवढाहि लागत नाहीं. आमसुलें व गूळ घातल्यावर आणखी अर्धा तास झांकून ठेवावें. माझें भांडें २०० वॅटचें आहे. साडेचार तासांत विजेचें एक युनिटहि पुरें जळत नाहीं.

आतां धुंगार. प्रथम भांड्याची वीज बंद करावी आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडावी. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो आणि त्याला वास नसतो. म्हणून खिडकीच्या बाबतींत आळस करूं नये. लोणारी कोळशाचा किंवा नारळाच्या करवंटीचा एक लहान तुकडा चिमट्यानें गॅसवर धरून लाल करावा. लवकर पेटण्यासाठीं रसायन लावलेला कोळसा घेऊं नये. भाजीच्या मधोमध एक लहान स्टीलची वाटी बसवून तींत निखारा ठेवावा, त्यावर अर्धा चमचा साजूक तूप सोडावें आणि धूर निघतांच झांकण लावावें. निखारा कांचेला टेकूं देऊं नये. धुरांतील सुगंधि द्रव्यें तुपांत-तेलांत सहज विरतात, म्हणून फोडणीच्या तेलाचा ओशटपणा असलेल्या भाजीवर हा वास चांगला बसतो. एकदां मीं झांकण लावून वर्तमानपत्र वाचावयास बसलों आणि पंधरा मिनिटें गेलीं. भाजी काढ्यासारखी कडू झाली. तीन मिनिटें पुरे. नंतर वाटी बाहेर काढून निखारा पाण्यांत विझवावा आणि भाजीवर ओलें खोबरें व कोथिंबीर घालावी.

यंदा भाद्रपदांत आईच्या तिथीला मुलगा व सूनबाई घरीं आलीं होतीं. भाजी मीं सकाळीं आठ वाजतां लावली आणि साडेबारास धुंगार दिला. पूर्वीं आमच्याकडे पहिली पंगत उठल्यावर बायका बसत. आईला तीन वाजून जात. तोंवर वैलावरची भाजी तळाशीं लागलेली असे, आणि ती खरवडून तीच खाई. ती पहिल्या पंगतीला बसल्याचें मला एकदांहि आठवत नाहीं. या खेपेस सर्व पदार्थ आधींच तयार होते आणि भाजी आपल्या भांड्यांत उबदार होती. राखण करावयास कोणी मागें राहण्याचें कारण उरलें नव्हतें. पाटावर बसणें आतां गुडघ्यांना जमत नाहीं, म्हणून सौभाग्यवतींसाठीं खुर्ची मांडली, आणि आम्ही चौघें एकदमच जेवावयास बसलों. वाढलें मीं.

त्यांनीं पहिला घास भाजीचा घेतला. मी तोंडाकडे पाहत होतों. जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाईंची आठवण झाली खरी. पण धूर थोडा जास्त झाला."

मीं मोहानें चार मिनिटें ठेविलीं होतीं. आतां तीनच ठेवितों. वाचकांनींहि तीनच ठेवावीं, आणि खिडकी उघडण्यास विसरूं नये.