ब्राउझरबाहेर या ना राव!

तुम्हाला रिअ‍ॅक्ट येतं, नोड येतं, पायथनमध्ये दोन-तीन प्रोजेक्ट करून झालेत. आता समजा, इतवारीतला एखादा व्यापारी म्हणाला, "दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालेल आणि नेट गेलं तरी बिल निघेल, असं काहीतरी बनवून दे." सुरुवात कुठून कराल? चांगलं कोडिंग येणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

मी मास कॉमची. पण अर्धा ग्रुप इंजिनीअरिंगचा, त्यामुळे प्लेसमेंटच्या गप्पा रोजच्याच. त्यात डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "ते मेलंय बे!" खरंच? तुम्ही कोड लिहिता तो व्हीएस कोड हेच एक डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन आहे. ज्यात तुमची वेबसाइट उघडते तो ब्राउझरही डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनच. डीटीपीवाल्यांच्या कॉम्प्युटरवरची श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. आणि गांधीबागेत कुठल्याही दुकानात डोकावा, टॅली दिसेलच.

या टॅलीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब नीट ठेवणारं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत यानं ते लिहायला घेतलं. 1986 मध्ये बंगळुरूत कंपनी उभी राहिली. आपल्याकडचं उदाहरण क्विक हीलचं. पुण्यात कैलाश काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे व्हायरस लागलेले कॉम्प्युटर यायचे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं त्यावर प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच अँटिव्हायरस आला आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात पोहोचली. दोन्हीकडे पहिला ग्राहक घरातलाच होता आणि त्याची अडचण खरी होती.

आता आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवा. दरवर्षी कितीतरी 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' बनतात आणि एकही हॉस्पिटल त्या वापरत नाही. काही तर सरळ विकत आणलेल्या असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, कोडिंग येत असेल तर डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन एखाद्या खऱ्या माणसासाठी बनवत शिका. ट्युटोरियलमधली टू-डू लिस्ट पुन्हा करू नका. लूप आणि फंक्शन तुम्हाला येतात. शिकायचंय ते वेगळंच आहे.

पहिली गोष्ट थ्रेडची. विंडो रंगवणं आणि क्लिक ऐकणं ही कामं एकाच मुख्य थ्रेडवर चालतात. तिथेच वर्षभराचा रिपोर्ट काढायला बसलात की विंडो गोठते आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग' येतं. जड काम दुसऱ्या थ्रेडवर टाकायचं आणि निकाल मुख्य थ्रेडवर आणूनच दाखवायचा, ही सवय लावून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट डेटाची. वेबमध्ये तो तुमच्या सर्व्हरवर असतो. इथे तो व्यापाऱ्याच्या मशीनवर असतो आणि सेव्ह होता होता लाइट जाऊ शकते. एसक्यूलाइट वापरा, ट्रान्झॅक्शन नीट समजून घ्या आणि बॅकअपचं बटण पहिल्या दिवसापासून ठेवा.

तिसरी गोष्ट अपडेटची. वेबसाइटवरची चूक एकदा दुरुस्त केली की सगळ्यांसाठी झाली. इथे धरमपेठेत जुनं व्हर्जन चालू असतं आणि सदरमध्ये नवं. जुन्या डेटाबेसवर नवं व्हर्जन चाललंच पाहिजे. शिवाय इन्स्टॉलर बनवावा लागतो, आणि त्यावर डिजिटल सही नसेल तर विंडोज समोरच्याला इशारा देऊन घाबरवतं.

चौथी गोष्ट कीबोर्ड आणि प्रिंटरची. टॅलीवर हात बसलेला मुनीम माऊसला हातही लावत नाही. टॅब दाबल्यावर कर्सर भलतीकडे गेला, तर तुमचं अ‍ॅप त्याच्यासाठी बादच. बिल कागदावर तिरकं आलं, तरीही तेच.

मग शिकायचं कशात? जी भाषा येते तिच्यातच. नवी भाषा आणि नवं क्षेत्र एकदम घेतलं की दोन्ही अर्धवट राहतं. जावास्क्रिप्टवाल्यांना इलेक्ट्रॉन सोपं जाईल. मात्र त्यात प्रत्येक अ‍ॅप स्वतःचं क्रोमियम सोबत घेऊन फिरतं, त्यामुळे दुकानातल्या चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरला ते जड जातं. पायथनवाल्यांसाठी पायसाइड आहे, सी शार्पवाल्यांसाठी डब्ल्यूपीएफ, जावावाल्यांसाठी जावाएफएक्स आणि सी प्लस प्लसवाल्यांसाठी क्यूटी. कुठलं भारी, यावर टपरीवर महिनाभर वाद घालण्यापेक्षा एक उचला आणि कामाला लागा.

जॉबच्या जाहिराती वेबच्याच जास्त असतात, हे मान्य. वेब सोडा असं मी म्हणतच नाहीये. पण थ्रेड, फाइल, मेमरी आणि समोर बसलेला वापरणारा माणूस, हे सगळं डेस्कटॉप अ‍ॅप एकत्र शिकवतं. शिवाय ज्या शहरात आपण राहतो त्याच्या उपयोगाचं काही केल्याचं समाधान वेगळंच.

तेव्हा या सुट्टीत एक टेबल शोधा. धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब, कॉलेजची लायब्ररी, काकांचं हार्डवेअरचं दुकान, कुठलंही चालेल. आधी तासभर मागे बसून नुसतं बघा, ते काम कसं करतात आणि कुठे वैतागतात. मग एकाच स्क्रीनचं अ‍ॅप बनवा, त्यांच्या मशीनवर टाका आणि आठवड्यानं परत जा. शिव्या मिळाल्या तर लिहून घ्या, पुढचं व्हर्जन त्यातूनच निघेल.

आणि व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, "हे वापरतं कोण?" तर तुमच्याकडे सांगायला एक नाव असेल.