तुंबलेल्या गटाराचे निदान

काविळीचा रुग्ण समोर बसला, की सोबतचे नातेवाईक हमखास सांगतात, "डॉक्टर, परवा लग्नात जेवला, तेच बाधलं." परवाच्या जेवणाचा या आजाराशी सहसा काही संबंध नसतो. हिपॅटायटिस 'ए'चा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण 15 ते 50 दिवस जातात. 'ई'चा हिशेबही जवळपास तसाच. म्हणून मी विचारतो, "महिन्यापूर्वी घरात किंवा गल्लीत काय घडलं होतं?" गेल्या वर्षी हा प्रश्न मला माझ्याच माणसांना विचारावा लागला, आणि उत्तर ऐकून मान खाली घालावी लागली.

मी साताऱ्यात राहतो. आमचे मूळ घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या जवळ. तेथे थोरले बंधू, वहिनी, पुतण्या आणि त्याचे कुटुंब असते. पुतण्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला कावीळ झाली. रक्ततपासणीत हिपॅटायटिस 'ए' निघाला. (मी पोहोचेपर्यंत काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्या गावाला मंडळी जाऊन आली होती, हे ओघाने आलेच.) महिन्यापूर्वी काय झाले होते, असे विचारताच वहिनी म्हणाल्या, "दुसरं काय होणार भाऊजी? गटार तुंबलं होतं. नेहमीसारखं."

'नेहमीसारखं' हा शब्द मला लागला. दर दीड-दोन महिन्यांनी मागच्या चेंबरमधून मैला वर येई. दादांचा फोन आला, की मी साताऱ्याहून सांगत असे, "माणूस बोलवा, बांबूची पट्टी घालून मोकळं करून घ्या." रुग्णाने तीन वर्षे डोकेदुखीवर केवळ वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या, तर मी त्याची खरडपट्टी काढतो. येथे मीच फोनवरून तीच गोळी लिहून देत होतो!

या खेपेला मी समोर उभा राहिलो. नेहमीचे कामगार आले. वयाने मोठे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी त्यांना विचारले, "मामा, पट्टी अडते कुठं?" ते लगेच म्हणाले, "दर टायमाला एकाच जाग्याला. चौदा फुटावर." घराच्या चेंबरपासून गल्लीतील चेंबरपर्यंतची वाहिनी 20 फुटांची. त्यातील दुखरी जागा मामांना तीन वर्षे ठाऊक होती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. गल्लीतील चेंबरचे झाकण काढून मामा सदरा उतरवू लागले. ते खोल होते. दादा म्हणाले, "अरे, ते नेहमीच उतरतात." मी त्यांचा हात धरला. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास थांबल्यासारखा वाटतो. त्यानंतर माणूस काही क्षणांत कोसळू शकतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली आहे, आणि ती घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. मामा उतरले नाहीत. काम वरूनच झाले.

निदानाची रीत साधी आहे. एकच मोरी तुंबली, तर दोष त्या मोरीच्या नळीत असतो. वॉशिंग मशीनचे पाणी सुटताच तळमजल्यावरच्या संडासात बुडबुडे आले, तर मुख्य वाहिनीत. मग चेंबरची झाकणे उघडून पाहावीत. घराचे चेंबर भरलेले आणि पुढचे कोरडे असेल, तर अडथळा त्या दोहोंमध्ये आहे. पुढचेही भरलेले असेल, तर महापालिकेकडे तक्रार करावी. आपले अंगण खणण्यात अर्थ नाही.

आम्ही चौदाव्या फुटावर खणले. वाहिनी जुन्या चिनी मातीच्या पाइपांची होती. सांगलीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यातील पाइपाचे सांधे हलत राहतात. साताऱ्याचे माझे घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, मुरमात आहे. तेथे हे दुखणे क्वचितच. येथे मधला पाइप दोन इंच खचला होता, आणि सुटलेल्या सांध्यातून उंबराची मुळे केसांच्या जटेसारखी आत शिरली होती. खचलेल्या भागात गाळ घट्ट बसलेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा गटारे उलटी वाहिली होती. त्यातील काही गाळ तेव्हाचाही असेल.

खरा धक्का पुढेच होता. त्या सांध्यापासून हातभर अंतरावर पिण्याच्या पाण्याचा गंजलेला लोखंडी नळ होता आणि त्याच्याभोवतीची माती काळी, ओली झाली होती. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी सुटलेले असते, तेव्हा छिद्रातून ते बाहेर गळते. पुरवठा बंद होऊन नळ रिकामा होऊ लागला, की आत ओढ निर्माण होते आणि भोवतालचे घाण पाणी त्याच छिद्रातून आत शिरते. पुढच्या पाळीच्या पहिल्या घागरीत ते येते. मुलीची कावीळ याच घागरीतून आली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण 2012 मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस 'ई'ची साथ आली, ती दूषित पाण्यातूनच. हा 'ई' गर्भवती स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, आणि पुतण्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता.

दोन दिवसांत काम झाले. मुळे काढली. तळाशी वाळू अंथरून 4 इंची पीव्हीसी पाइप टाकला. गवंड्याने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी मोजून 20 फुटांत 6 इंच, म्हणजे 40 फुटांस एक फूट, उतार दिला. वळणावर नवे चेंबर बांधले. पाण्याचा नळ बदलला, गटारापासून दूर आणि वरच्या पातळीवर नेला. महिनाभर पिण्याचे पाणी उकळून घेण्यास सांगितले. मुलगी विश्रांती आणि साध्या आहारावर बरी झाली. या काविळीवर वेगळे औषध नसते, लस मात्र आहे. सुनेची तपासणी केली, ती सुखरूप निघाली.

वहिनींचे अ‍ॅसिड मात्र मला बंद करता आलेले नाही. गाळावर आणि मुळांवर त्याचा काही उपयोग नाही. उलट ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संयोग झाला, तर क्लोरीन वायू सुटतो आणि दादांना दमा आहे. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. परवा सांगलीला गेलो, तेव्हा बाटली फडताळातच होती. "असू दे," म्हणाल्या, "फरशीला लागते."