मार्क नका विचारू, झोप विचारा

अर्विंगला मुलाकडे राहून आले. गावातच युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस आहे, पण नातू हायस्कूल संपवून ऑगस्टमध्ये तीन तासांवर ऑस्टिनला गेला. शाळेत गैरहजर राहिला तर घरी फोन येई. आता आठवड्याला जेमतेम १५ तास वर्ग, आणि आला-गेला कोणी बघत नाही. आपण आजी-आजोबा विचारतो काय, तर "मार्क किती?" माझ्या मते पहिली सहामाही हा प्रश्न बंदच ठेवावा. झोपलास किती, सकाळी काय खाल्लंस, हे विचारावं. आधी झोप बिघडते, अभ्यास तिच्यामागून.

टेक्ससमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस वर्गांच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती घेतली होती. पण १८ पूर्ण झाल्यावर मुलाच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा आईबापालाही काही सांगत नाहीत, हे सुनेला ठाऊक नव्हतं. कायदा योग्यच आहे. तरी निघण्यापूर्वी मुलाने तेवढा संमतीचा कागद सही करून द्यावा.

शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्याआधी, साडेपाचला, मी त्याला फोन करते. तिकडे सकाळचे सात. त्याची झोप मोडते हे खरं, पण उचलतो.