अल क्वोजच्या गोदामातली ट्रंक

दुबईत घर बदलताना आम्ही आजीची ट्रंक अल क्वोजमधल्या भाड्याच्या गोदामात ठेवली होती. परवा ती उघडली. वर मराठी हगादा, खाली आजी-आजोबांचा केतुबा आणि तळाशी सतरा फोटो. केतुब्यावरून वर, वधू, दोघांचे वडील आणि लग्नाची तारीख कळली. फोटोंच्या पाठी मात्र कोऱ्या होत्या.

आपल्याला वाटते, आडनाव आहे ना, मग घराणे सापडलेच. पेणकर पेणचे, किहीमकर किहीमचे, हे खरेच. पण आडनाव वडिलांकडचे गाव सांगते, आईकडचे नाही. पणजीचे माहेर कुठले, हे बहुतेक घरांत फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरले आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: नवगावचे कबरस्तान आणि १७९६ साली स्थापन झालेले मुंबईचे शार हारहमीम सिनेगॉग पुढच्या सुट्टीतही पाहता येईल. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि प्रत्येक फोटोमागे शिसपेन्सिलीने हळूच नाव, माहेर, गाव लिहा.

आमच्या मावशींनी व्हिडिओ कॉलवर सतरांपैकी अकरा फोटो ओळखले. उरलेले सहा ओळखणारी आजी आता नाही. तिला विचारायला आमच्याकडे पुष्कळ वर्षे होती.