२५ मीटर

लायसन्सच्या अर्जात एक प्रश्न असतो : चांगल्या उजेडात, २५ मीटरवरून, प्रत्येक डोळ्याने मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? मी बेधडक 'होय' लिहिले. पुढे मागच्या बाकावरून फळ्यावरचा ताळेबंद दिसेना, तेव्हा मित्राने अंतर मोजून एका मोटारीसमोर उभे केले. डावा डोळा झाकला, तर सारे आकडे धूसर! वर्षभर मी असाच स्कूटर हाकत होतो.

२०१९ च्या दुरुस्तीमुळे विशीतले लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालते. हिशेबाचे ऑडिट दरवर्षी, डोळ्यांचे वीस वर्षांत एकदाही नाही! पण खोटे मीच लिहिले. 'होय' काय नि 'हौदु' काय, न मोजता लिहिले की दोन्ही खोटेच.

कॉलेजच्या फाटकाशी २५ मीटरवर चुन्याची रेघ मारू या. किल्ली फिरवण्यापूर्वी प्रत्येकाने तिथे एकदा उभे राहावे.