डीएनए पेढी कोणासाठी?

जून २००३ मध्ये नाशिक येथे पाच जणांची निर्घृण हत्या झाली. स्त्रियांवर अत्याचारही झाले. बचावलेल्या महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार सराईत गुन्हेगार ओळखले. त्या चौघांना सोडून तपासयंत्रणेने भटक्या समाजातील सहा जणांना पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष ठरविले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षे गेली ती गेलीच!

डीएनए पेढीची चर्चा या घटनेपासून सुरू व्हायला हवी. घटनास्थळी सापडलेल्या रक्ताच्या वा वीर्याच्या अंशांची सराईतांच्या नोंदींशी तुलना करणारी व्यवस्था ब्रिटनने १९९५ मध्येच उभारली. ओळखपरेडीतील डोळे चुकतात, कबुलीजबाब वदवून घेता येतो. काळजीपूर्वक जपलेला नमुना मात्र गरीब-श्रीमंत पाहत नाही. तो जितक्या सहजपणे गुन्हेगाराकडे बोट दाखवितो, तितक्याच सहजपणे निरपराधाला सोडवितो.

काळजीपूर्वक जपलेला, हे महत्त्वाचे. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले आणि त्यातील नियामक मंडळ व प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीची तरतूदही त्यासोबत गेली. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने जैविक नमुने घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहतात. पूर्वी शिक्षा न झालेल्या व्यक्तीची निर्दोष सुटका झाल्यास त्या नष्ट करण्याची तरतूद आहे. ती कागदावर राहू नये, कारण नोंदवहीचा भार काय असतो हे भटक्या-विमुक्तांइतके कोणी जाणत नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने संपूर्ण जमातींची नावे पोलीसदप्तरी चढविली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. पेढीत केवळ पालांवरचेच नमुने साठले, तर जुनीच वही नव्या शाईने लिहिली जाईल.

म्हणूनच घटनास्थळीचा नमुना पेढीतील नोंदींशी ताडून पाहा, अशी मागणी करण्याचा अधिकार फिर्यादी पक्षाइतकाच आरोपीलाही असला पाहिजे, आणि अहवाल प्रतिकूल असो वा अनुकूल, तो न्यायालयापुढे आलाच पाहिजे. नाशिकच्या प्रकरणात दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. छायाचित्रांतून ओळखलेले ते चौघे मात्र कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत.